रोकोकोचा अंत राज्यक्रांतीने केला नाही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत युरोपातील गृहसजावटीवर जी लेखमाला सुरू आहे, तिच्यातील फ्रान्सवरचा भाग मी काळजीपूर्वक वाचला. मराठी दैनिकाने अशा विषयाला जवळजवळ पूर्ण पान द्यावे, याचा मनापासून आनंद झाला. परंतु रोकोको शैली, म्हणजे अठराव्या शतकातील हलक्या, वळणदार नक्षीची फ्रेंच सजावट, व्हर्सायच्या राजवाड्यात राजांच्या ऐषारामातून जन्मली आणि १७८९ च्या राज्यक्रांतीने राजसत्तेबरोबर तिचाही शेवट केला, असे जे त्या लेखात म्हटले आहे, त्यातला आरंभही बरोबर नाही आणि शेवटही बरोबर नाही. लेखासोबत छापलेले छायाचित्र व्हर्सायच्या आरसेमहालाचे आहे. तो महाल झ्यूल आर्दुआँ-मान्सार याने बांधला, त्याचे छत शार्ल ल ब्रँ याच्या हाताखाली रंगवले गेले आणि १६८४ मध्ये तो पुरा झाला. म्हणजे रोकोकोची पहिली चिन्हे दिसू लागण्याच्या बरीच वर्षे आधी. रंगीत संगमरवर, वजनदार स्तंभ आणि छतावर चौदाव्या लुईचे विजय असलेला तो महाल परक्या राजदूताने दबून जावे यासाठी उभारला होता. रोकोकोच्या खोलीला कुणाला दबवायचे नव्हते. हा फरक ध्यानात घेतला नाही, तर या शैलीचा उदयही कळत नाही आणि तिचा ऱ्हासही कळत नाही, म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे.

बदलाची चाहूल राजाच्याच एका शेऱ्यात सापडते. १६९९ मध्ये व्हर्सायच्या प्राणिसंग्रहालयाजवळचा छोटा प्रासाद बर्गंडीच्या तरुण डचेससाठी सजवायचा होता. तिचे वय तेव्हा तेरा वर्षांचे. मान्सारने देवदेवतांच्या गंभीर प्रसंगांचा आराखडा पाठवला, तेव्हा वृद्ध होत चाललेल्या लुईने उत्तर दिले की हे विषय फार गंभीर आहेत, जे काही कराल त्यात सगळीकडे बालपण पसरलेले दिसले पाहिजे. क्लोद ओद्राँ याने त्यानुसार छतांसाठी नाजूक वेलबुट्ट्यांची आणि तरंगत्या आकृत्यांची जी रेखाटने केली, त्यांत भिंतीवरचा भार पहिल्यांदा उतरलेला दिसतो. परंतु या बीजाला जमीन मिळाली ती राजाच्या मृत्यूनंतर. १ सप्टेंबर १७१५ रोजी चौदावा लुई गेला, पाच वर्षांच्या पणतूच्या वतीने ऑर्लेआँचा ड्यूक फिलिप कारभार पाहू लागला आणि त्याने सत्तेचे केंद्र व्हर्सायहून पॅरिसला आणले. ज्या सरदारांनी आयुष्यभर राजाच्या उठण्याझोपण्याच्या समारंभात उभे राहण्यासाठी राजवाड्याच्या अडचणीच्या खोल्यांत दिवस काढले होते, ते शहरात आपापली घरे बांधू लागले. फोबूर सँ-झेर्मँ या भागात आणि प्लास व्हाँदोमच्या परिसरात अशी घरे उठली. त्यांच्या शेजारी सावकारांनी आणि करवसुलीचे मक्तेदार असलेल्या नवश्रीमंतांनी तितकीच देखणी घरे बांधली. १७२२ मध्ये दरबार व्हर्सायला परतला तरी पॅरिसची चव ज्यांना लागली होती, त्यांनी शहर सोडले नाही. पुढे पंधराव्या लुईने व्हर्सायमध्ये स्वतःसाठी खाजगी दालने करून घेतली, तेव्हा तिथे याक व्हेर्बेर्क्तने जे कोरीवकाम केले, ते शहरातून राजवाड्यात गेलेले काम होते. आपल्या लेखात प्रवाहाची दिशा नेमकी उलटी दाखवली गेली आहे.

या घरांतली मुख्य खोली म्हणजे सालाँ. हाच शब्द त्या खोलीत भरणाऱ्या बैठकीलाही लागला, आणि ते योग्यच होते, कारण खोली आणि बैठक एकमेकींसाठी घडल्या. मादाम द लांबेर, मादाम द ताँसँ, नंतर मादाम जोफ्रँ आणि मादाम द्यु देफाँ यांच्याकडे ठरलेल्या वारी लेखक, शास्त्रज्ञ, चित्रकार, मुत्सद्दी आणि सरदार एकत्र जमत. तिथे दरबारी क्रमाने उभे राहायचे नसे, बसायचे असे. बोलणारा आणि ऐकणारा यांच्यात फार अंतर नको असे. म्हणून खोल्यांचा आकार लहान झाला, छते खाली आली, शेकोट्या आटोपशीर आणि ऊब देणाऱ्या झाल्या, कोपरे गोलावले. जेवण, विश्रांती, वाचन आणि गप्पा यांसाठी वेगवेगळी दालने करण्याची पद्धत याच काळात रुळली. घराची अंतर्गत मांडणी हा वास्तुकाराच्या कौशल्याचा कस मानला जाऊ लागला आणि फ्रेंच वास्तुकार त्याबद्दल उघड अभिमान बाळगू लागले.

या सगळ्याचे पूर्ण रूप पाहायचे असेल तर पॅरिसच्या मारे भागातील ओतेल द सुबीज या सरदारी वाड्यात जावे लागते. तिथली बाहेरची इमारत पिएर-आलेक्सी दलामेर याने १७०५ पासून बांधली. ती सरळ रेषांची आणि जोडस्तंभांची आहे. बाहेरून पाहणाऱ्याला आतल्या सजावटीची कल्पनाही येत नाही. फ्रान्समध्ये रोकोको ही जवळजवळ पूर्णपणे घराच्या आतली कला राहिली, हे या एका वास्तूवरून कळते. साठीच्या घरातल्या प्रिन्स द सुबीजने १७३२ मध्ये एका तरुण विधवेशी दुसरे लग्न केले आणि नव्या संसारासाठी वास्तुकार जेरमँ बॉफ्राँ याच्याकडून दोन लंबगोल दालने करवून घेतली, खाली स्वतःचे आणि वर पत्नीचे. वरच्या दालनात, म्हणजे सालाँ द ला प्रँसेसमध्ये, भिंत कुठे संपते आणि छत कुठे सुरू होते हे सांगता येत नाही. आठ कमानींत खिडक्या, दारे आणि आरसे बसवले आहेत. कमानींच्या मधल्या वळणदार चौकटींत शार्ल-जोझेफ नात्वार याने १७३७ ते १७३९ या काळात सायकी आणि क्युपिडच्या कथेची आठ चित्रे रंगवली. त्यांच्या वर सोनेरी नक्षीची जाळी फिकट निळ्या छतावर चढत जाते, आणि नेहमीच्या वास्तूत भिंत व छत यांना तोडणारा जो भक्कम कंगोरा असतो, तो इथे लाटेसारखा वरखाली होत त्या नक्षीत विरून जातो. खोलीत चित्रकार, गिलाव्याचा शिल्पकार, लाकडावर कोरणारा आणि वास्तुकार यांपैकी कुणाचे काम कुठे थांबते हे शोधूनही सापडत नाही. एवढा एकजीवपणा मी दुसऱ्या कुठल्याही शैलीतल्या दालनात पाहिलेला नाही.

लेखात या शैलीला ‘सोन्याची उधळपट्टी’ म्हटले आहे. म्हणून ते काम कसे होत असे, हे सांगणे मला आवश्यक वाटते. भिंतीला आतून ओकच्या लाकडाचे अस्तर केले जाई, त्याला तिथे ब्वाझरी म्हणतात. वास्तुकाराच्या रेखाटनावरून सुतार फलक जोडून देई, त्यावर नक्षीकार शिंपले, वेली, पक्षी, वाद्ये, शेतीची अवजारे असे उठावाचे काम कोरी. मग रंगारी-मुलामेकार येई. तो लाकडाला सरस देऊन त्यावर सरस आणि खडू यांचे अनेक हात चढवी. त्या थरांनी कोरलेले तपशील बुजून जात, म्हणून वाळलेल्या पांढऱ्या थरातच बारीक हत्यारांनी पानाच्या शिरा आणि पिसांच्या रेघा पुन्हा कोरून काढल्या जात. त्यावर पिवळ्या मातीचा हात, मग तांबड्या मातीचा, आणि मग पाण्याने ओलावलेल्या पृष्ठभागावर सोन्याचा वर्ख. शेवटी काही भाग अकीकाच्या दगडाने घासून झळाळते केले जात आणि काही भाग मुद्दाम मंद ठेवले जात, कारण मेणबत्तीच्या हलत्या उजेडात नक्षीला खोली येते ती चकाकी आणि मंदपणा यांच्या शेजारधर्मानेच. वापरलेले सोने अत्यंत पातळ असे. खर्च होई तो माणसांच्या हातांचा आणि वेळेचा. शिवाय सगळ्या खोल्या पांढऱ्या आणि सोनेरी नसत. फिकट हिरवा, पिवळा, निळा असे रंगही होते. १७४२ मध्ये शुआझीच्या प्रासादात पंधराव्या लुईची सखी मादाम द मायी हिची खोली निळ्या-पांढऱ्या रंगात सजवली गेली, तेव्हा मात्यू क्रिआर याने केलेल्या खणांच्या कपाटालाही तेच रंग दिले गेले आणि त्याचे धातुकाम खोलीला शोभावे म्हणून रुपेरी ठेवले गेले. ते कपाट आज लूव्हरमध्ये आहे.

आरशांचा भाग तर स्वतंत्र लेखाचा आहे. काच ओतून मोठे तक्ते तयार करण्याची रीत सँ-गोबँच्या कारखान्यात सतराव्या शतकाच्या शेवटी बसली आणि शेकोटीच्या वर, पूर्वी जिथे दगडी शिल्प किंवा चित्र असे, तिथे उंच आरसा आला. समोरासमोर लावलेल्या आरशांनी लहान खोली मोठी दिसे आणि मोजक्या मेणबत्त्यांचा उजेड दुणावे. ज्या मादाम जोफ्रँच्या बैठकीला सारा युरोप ओळखत होता, तिचा पती याच काचकंपनीत हिशेबाच्या मोठ्या हुद्द्यावर आणि भागीदार होता, आणि त्याच्या मागे तिने त्या व्यवहारात स्वतः लक्ष घातले. ती सरदारघराण्यातली नव्हती. तिचे वडील राजघराण्याच्या सेवेत होते. रोकोको ही फक्त सरदारांची मिरास होती, हे म्हणणे त्यामुळेही टिकत नाही.

खुर्च्यांकडेही याच दृष्टीने पाहावे. भिंतीलगत मांडायच्या खुर्च्यांची पाठ भिंतीच्या फलकाशी जुळवून घडवलेली असे आणि त्या सहसा हलवत नसत. हलक्या, पाठीला किंचित बाक असलेल्या खुर्च्या खोलीच्या मध्यभागी बोलणाऱ्यांच्या सोयीने हव्या तशा ओढल्या जात. रुंद घेराचे झगे घातलेल्या स्त्रियांना बसता यावे म्हणून खुर्चीच्या हातांचे खांब मागे सरकवले गेले. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात खुर्च्यांची कापडे बदलत. शार्ल क्रेसाँ याच्यासारखा मूळचा शिल्पकार असलेला कारागीर कपाटांवर ब्राँझच्या इतक्या सजीव आकृत्या बसवी की त्या स्वतःच्याच कार्यशाळेत घडवल्या म्हणून धातुकामाच्या संघाने त्याच्यावर एकाहून अधिक वेळा खटले भरले. व्यापारी जपानी लाखकामाचे पडदे आणि पेट्या विकत घेत, त्यांचे तक्ते पातळ कापत आणि वक्र कपाटांवर चढवत. हिंदुस्थानातून येणाऱ्या छापील आणि रंगवलेल्या सुती कापडांवर फ्रान्समध्ये १६८६ पासून १७५९ पर्यंत बंदी होती, कारण तिथल्या रेशीम आणि लोकर विणणाऱ्यांना त्यांची धास्ती वाटे. तरी ती कापडे श्रीमंत घरांत राजरोस वापरली जात, आणि त्यांत राजाची प्रिय सखी मादाम द पोंपादूरही होती. ही सजावट उभी करणारा पैसा शेतसाऱ्यातून, करवसुलीच्या मक्त्यांतून आणि कॅरिबियनमधील सँ-दोमँग या फ्रेंच वसाहतीच्या साखरमळ्यांवरील गुलामांच्या श्रमांतून येत होता, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. या खोल्यांत प्यायली जाणारी कॉफी आणि तिच्यातली साखर त्याच मार्गाने येई. हे विसरून रोकोकोचे कौतुक करू नये, असे मला प्रामाणिकपणे वाटते. पण या पापामुळे कारागिराच्या हाताचे श्रेय कमी होते, असेही मला वाटत नाही.

१७३० च्या सुमारास ही शैली आणखी धीट झाली. रशियात पीटर द ग्रेटसाठी पीटरहॉफ इथे ओकच्या लाकडातील अभ्यासिका कोरून परतलेला निकोला पिनो आणि ट्यूरिनमध्ये जन्मलेला सुवर्णकार झ्यूस्त-ओरेल मेसोनिए यांनी नक्षीतला समतोलच सोडून दिला. शिंपल्याची डावी बाजू उजवीसारखी असायलाच हवी, हा नियम त्यांनी मानला नाही. मेसोनिएच्या रेखाटनांत मेणबत्तीचा खांब पिळवटतो, पाणी दगड होते आणि दगड पाणी. ही रेखाटने छापली गेली आणि फार दूरवर पोचली. पॅरिसमध्ये शिकलेल्या फ्रांस्वा द क्युव्हिलिए याने म्युनिकजवळ १७३४ ते १७३९ या काळात आमालिएनबुर्ग हा शिकारीचा छोटा प्रासाद बांधला, आणि पुढे जर्मन प्रदेशांत तर चर्चमध्येही ही नक्षी शिरली. फ्रान्समध्ये मात्र बॉफ्राँसारखे वास्तुकार शेवटपर्यंत संयम पाळत राहिले, आणि माझ्या मते या शैलीचे उत्तम काम त्या संयमातच आहे.

आता ऱ्हासाकडे वळतो. रोकोकोवर पहिले घाव घालणारे लोक याच बैठकांत बसत होते. मादाम जोफ्रँकडे सोमवारी कलावंत जमत. तिथे रोकोकोचा सर्वांत लोकप्रिय चित्रकार फ्रांस्वा बूशे येई, आणि प्राचीन अवशेषांचा गाढा अभ्यासक कोम्त द केल्यूसही येई. ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या प्राचीन रोमन शहरांचे, १७३८ पासून हर्क्युलेनियमचे आणि १७४८ पासून पॉम्पेईचे, उत्खनन सुरू झाले होते. मादाम द पोंपादूरच्या भावाला, जो पुढे मार्की द मारिन्यी झाला, राजाच्या इमारतींचा प्रमुख होण्याआधी तयारीसाठी १७४९ मध्ये इटलीला पाठवले गेले. त्याच्याबरोबर वास्तुकार सुफ्लो, तांब्याच्या पत्र्यावर चित्रे कोरणारा शार्ल-निकोला कोशँ आणि आबे (धर्मगुरूची पदवी) ल ब्लाँ असे तिघे होते. १७५१ मध्ये ते परतले आणि मारिन्यी त्या पदावर बसला. म्हणजे जिच्या नावाने लोक आज रोकोको ओळखतात, त्या पोंपादूरच्या घरातूनच बदलाला राजाश्रय मिळाला.

कोशँने डिसेंबर १७५४ मध्ये ‘मेर्क्यूर द फ्रान्स’ या नियतकालिकात सुवर्णकार आणि लाकडावर कोरणारे यांना उद्देशून एक निनावी विनंतिपत्र लिहिले. एखाद्या भांड्यावर बोटाएवढा ससा आणि त्याच्या शेजारी खऱ्या आकाराची सेलरीची जुडी घडवू नका, असे त्याने सुवर्णकारांना विनवले. कोरणाऱ्यांना सांगितले की ज्या वस्तू चौकोनी असू शकतात त्या कृपा करून वाकड्या करू नका आणि अर्धवर्तुळाकार कमानी सुलेखन शिकवणाऱ्या मास्तरांकडून उचललेल्या वळणांनी बिघडवू नका. चांदीच्या भांड्यांबाबत कोशँचे म्हणणे मला पटते, कारण मेसोनिएच्या वाटेने जाणाऱ्या दुय्यम कारागिरांनी खरोखरच तर्क सोडला होता. खोल्यांबाबत मात्र तो अन्याय करतो. सुबीजमधल्या एकाही वळणाला त्याचा आक्षेप लागू पडत नाही. त्याच्या आधी, १७५३ मध्ये, आबे लोजिए याने आदिम झोपडीचे खांब, तुळई आणि छप्पर हेच वास्तुकलेचे खरे मूळ असल्याचे मांडले होते. त्या कसोटीला भिंतीवरची कोणतीही नक्षी उतरणे शक्यच नव्हते. नीतीचा आक्षेप तत्त्वज्ञ आणि कलासमीक्षक दिदरोने घेतला. ‘या माणसाकडे सर्व काही आहे, फक्त सत्य नाही,’ हे बूशेविषयीचे त्याचे वाक्य १७६१ च्या प्रदर्शनावरील टिपणात आहे. त्यातच सात वर्षांचे युद्ध सुरू होते आणि १७५९ मध्ये राजाने स्वतःची चांदीची भांडी टांकसाळीत वितळवायला पाठवून प्रजेलाही तसे करायला सांगितले. रोकोकोचे चांदीकाम आज इतके विरळ दिसते, त्यामागे हे एक मोठे कारण आहे.

त्यानंतर बदल झपाट्याने झाला. लालीव द ज्यूली या धनिकाने १७५० च्या दशकाच्या उत्तरार्धात आबनुसी काळ्या लाकडाचे, सरळ आणि जड, ग्रीक धाटणीचे टेबल आणि कपाट करवून घेतले होते. ते शांतियीच्या संग्रहालयात आहे. १७६३ मध्ये पॅरिसच्या घडामोडींची वार्तापत्रे लिहिणारा ग्रिम लिहितो की पॅरिसमध्ये आता सगळेच ग्रीक धाटणीचे झाले आहे. त्याच सुमारास वास्तुकार गाब्रिएल व्हर्सायच्या आवारातील प्ती त्रियानों या सरळ रेषांच्या छोट्या प्रासादाचे बांधकाम करत होता. पायांची वळणे सरळ झाली, शिंपल्यांच्या जागी पुष्पमाला आणि कंगोरे आले, खोल्यांत पुन्हा चौकोन आला. १७७१ ते १७७२ या काळात चित्रकार फ्रागोनारने राजाची नवी सखी मादाम द्यु बारी हिच्या लूव्हसिएनच्या मंडपासाठी प्रेमाच्या प्रगतीची चार भव्य चित्रे रंगवली. आज ती त्या शतकातली उत्कृष्ट चित्रे मानली जातात. द्यु बारीने ती परत केली आणि त्यांच्या जागी व्यँ या चित्रकाराची शांत, ग्रीक वेशातली चित्रे लावली, कारण वास्तुकार क्लोद-निकोला लदूने बांधलेल्या त्या नव्या इमारतीत फ्रागोनार जुनाट दिसत होता. हे राज्यक्रांतीच्या पंधराहून अधिक वर्षे आधी घडले. १७८९ साल उजाडले तेव्हा पॅरिसमध्ये रोकोको सजावट करवून घेणारे जवळजवळ कुणी उरले नव्हते. बोर्दोसारख्या प्रांतिक शहरांत ती थोडी अधिक रेंगाळली, इतकेच.

राज्यक्रांतीने केले ते वेगळे आणि तेही गंभीर होते. ऑगस्ट १७९३ पासून जवळजवळ वर्षभर व्हर्सायच्या सामानाचा लिलाव चालला, परागंदा झालेल्यांची घरे रिकामी झाली आणि कारागिरांचे संघ १७९१ मध्येच बरखास्त झाले होते. ज्या साखळीतून सुतार, नक्षीकार आणि मुलामेकार एका खोलीसाठी एकत्र येत, ती तुटली. ओतेल द सुबीज १८०८ मध्ये सरकारी अभिलेखागार झाले म्हणून वाचले. पुढच्या शतकात पॅरिसमध्ये नवे रस्ते काढताना कितीतरी घरे पडली आणि त्यांची ब्वाझरी भिंतींवरून उतरवून विकली गेली. ओतेल द व्हारांजव्हीलमधील एका खोलीचे कोरीव फलक न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत आणि फ्रागोनारची ती परत आलेली चित्रे त्याच शहरातील फ्रिक संग्रहात आहेत.

माझी विनंती इतकीच आहे की या लेखमालेचा पुढचा भाग छापताना चुकीच्या छायाचित्राची दुरुस्ती द्यावी आणि जमल्यास सुबीजच्या दालनाचे चित्र छापावे. त्याखाली प्रिन्सच्या नावाबरोबर बॉफ्राँ आणि नात्वार यांचीही नावे असावीत. आपल्या वाचकांपैकी अनेकांची मुले आज युरोपात शिकतात किंवा नोकरी करतात आणि पालक त्यांच्याकडे जातात, तेव्हा व्हर्सायची फेरी ठरलेली असते. अभिलेखागाराचे संग्रहालय पॅरिसच्या मध्यभागी आहे, आणि लूव्हरमध्ये अठराव्या शतकातील सजावटीची दालने २०१४ मध्ये नव्याने मांडून खुली झाली आहेत. त्या दोन्ही ठिकाणांचा उल्लेख पुरवणीत आला, तर वाचकांची सोय होईल.

आपला,
एक नियमित वाचक
सांगली